प्रकल्प नोंदी : परदेशी कार्ड, सोलापुरी टॉवेल आणि चार्जबॅक

४ नोव्हेंबर २०२४

काल भाऊबीज झाली, आज कारखाना उघडला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादरींचा कारखाना. निर्यात जुनी, पण स्वतःची विक्रीची साइट अलीकडची. कारखान्याचे मालक अण्णांनी बसल्या बसल्या एक छापील ईमेल पुढे ठेवला. अमेरिकेतली बाथ टॉवेलची ऑर्डर. पैसे जमा झाले, माल गेला, पोचल्याची कुरिअरची पावतीही आली. आणि ऐन दिवाळीत बँकेने ती रक्कम खात्यातून काढून घेतली, वर चार्जबॅकची, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून पैसे उलटे घेण्याची, फी लावली.

"पेमेंट सक्सेसफुल असं आलं होतं की. मग पैसे परत कसे काय घेतले?" साइटवरची कार्डांची फसवणूक अडवायचं काम माझ्याकडे आहे. अण्णांचा हा प्रश्नच त्याचा पाया, म्हणून उत्तर नीट लिहून ठेवतो.

कार्ड मंजूर झालं याचा अर्थ एवढाच, की त्या क्षणी ते कार्ड चालू होतं आणि त्यावर तेवढी मर्यादा शिल्लक होती. नंबर टाइप करणारा माणूस कार्डाचा मालक आहे की चोर, हे मंजुरी सांगत नाही. खऱ्या मालकाला स्टेटमेंटमध्ये अनोळखी खर्च दिसला की तो आपल्या बँकेकडे तक्रार करतो. त्यासाठी व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते. बँक त्याचे पैसे परत करते आणि वसुली दुकानदाराकडून होते. कार्ड समोर नसताना, फक्त नंबरावर झालेला व्यवहार असेल आणि मालकाची पडताळणी झालेली नसेल, तर तोटा दुकानदाराचाच. या ईमेलवर व्हिसाचा १०.४ हा कोड आहे. त्याचा अर्थ कार्ड हजर नसताना झालेली फसवणूक. माल गेला, पैसे गेले, कुरिअरचं भाडं गेलं. पोचपावतीचाही उपयोग नाही, कारण माल पोचला नाही असं कोणी म्हणतच नाहीये. चोराच्या दारात तो व्यवस्थित पोचला आहे.

६ नोव्हेंबर

जुन्या ऑर्डरी देशी कार्ड आणि परदेशी कार्ड अशा वेगळ्या काढल्या. देशी बाजूला फसवणुकीचा एकही चार्जबॅक नाही. कारण उघड आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून भारतीय कार्डांच्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, आपण रोज टाकतो तो ओटीपी त्यातूनच आला. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराला ग्राहकाचा कार्ड नंबर साठवताही येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी एक सांकेतिक क्रमांक, वापरावं लागतं. पण परदेशी बँकेने दिलेल्या कार्डाला आपली ओटीपीची सक्ती लागू नाही. अमेरिकेत तशी सक्तीच नाही. नंबर, मुदत, मागचे तीन आकडे एवढ्यावर काम होतं, आणि हे तिन्ही चोरबाजारात विकत मिळतं.

म्हणजे सगळं लक्ष परदेशी कार्डांवर. देशी ग्राहकाला एकही जादा पायरी लावायची नाही, हे आजच ठरवून टाकलं.

११ नोव्हेंबर

पेमेंट गेटवेच्या (साइटसाठी कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या) सेटिंगमध्ये परदेशी कार्डांसाठी थ्री-डी सिक्युअर "शक्य असेल तर" असं होतं, ते "मागितलंच पाहिजे" असं केलं. यात ग्राहकाची बँक स्वतः खात्री करते. कधी फोन-कॉम्प्युटरची माहिती आणि जुना व्यवहार पाहून गुपचूप, कधी ॲपवर मंजुरी मागून. खात्री झाली तर फसवणुकीच्या तक्रारीची जबाबदारी दुकानदारावरून त्या बँकेकडे सरकते. मात्र "माल मिळालाच नाही", "माल वेगळाच आला" या तक्रारी तरीही आपल्याच गळ्यात राहतात, हे वहिनींना दोनदा सांगितलं. ऑर्डरींचं काम त्याच बघतात आणि उद्या गोंधळ झाला तर पहिला फोन त्यांनाच येणार.

पडताळणीचा निकाल व्हिसासाठी ०५, मास्टरकार्डसाठी ०२ अशा कोडमध्ये येतो. तो आता प्रत्येक ऑर्डरीसोबत आपल्याकडे साठवला जाईल. वाद झाला तर तोच पुरावा.

वहिनींची शंका रास्त होती : पायरी वाढली की काही गिऱ्हाइकं पान बंद करून निघून जातील. जातील. पण टॉवेलच्या धंद्यात एका गेलेल्या पार्सलचा तोटा भरून काढायला किती पार्सलं सुखरूप जावी लागतात, हे अण्णांनी कागदावर मांडून दाखवलं आणि चर्चा तिथंच थांबली.

१४ नोव्हेंबर

आजचं काम माझ्या मते सगळ्यात मोलाचं. आतापर्यंत मंजुरी आणि वसुली, म्हणजे कार्डावरून पैसे प्रत्यक्ष घेणं, एकाच दमात होत होती. आता परदेशी कार्डांना आधी फक्त मंजुरी घ्यायची. ती रक्कम ग्राहकाच्या कार्डावर अडवून राहते. वहिनींनी ऑर्डर तपासून होकार दिला की मगच वसुली करायची. शंका आली तर मंजुरी सोडून द्यायची. वसुलीच झालेली नसल्याने परताव्याचा प्रश्न नाही आणि चार्जबॅकही होत नाही. गेटवेने दिलेल्या मुदतीत वसुली केली नाही तर पैसे आपोआप सुटतात, म्हणून शनिवार-रविवारच्या ऑर्डरी सोमवारी सकाळी आधी बघायच्या.

अण्णांना हे सांगितलं तर ते हसले. "टीटी (बँकेतून थेट खात्यात येणारे पैसे) आल्याशिवाय माल गेटाबाहेर पडत नाही, हा आमच्या वडिलांच्या काळापासूनचा नियम. ऑनलाइनला तो सोडायला कुणी सांगितलं होतं?"

खरंच, कुणी सांगितलं होतं? साइट करणाऱ्यांनी पैसे येणं आणि माल जाणं यांच्यातलं अंतर शून्यावर आणणं म्हणजे प्रगती मानली. निर्यातदाराचं निम्मं शहाणपण त्या अंतरात असतं. पुढचं सगळं काम मी तेच अंतर परत आणण्यासाठी करतो आहे.

१८ नोव्हेंबर

एव्हीएस, म्हणजे पत्त्याची पडताळणी, चालू केली. ग्राहकाने लिहिलेल्या पत्त्यातले घर क्रमांकाचे आकडे आणि पोस्टकोड बँकेकडच्या नोंदीशी ताडले जातात. मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांना उपयोगी. जुळलं नाही म्हणजे चोर असं नाही, घर बदललेलं असू शकतं. जुळलं म्हणजे साव असंही नाही, कारण चोरलेल्या माहितीत पत्ताही येतो. म्हणून याच्यावर ऑर्डर आपोआप नाकारायची नाही, फक्त वहिनींच्या यादीत खूण करायची.

२१ नोव्हेंबर

गेटवेच्या तयार नियमांत एक असा आहे : कार्ड एका देशाचं आणि माल दुसऱ्या देशात जाणार असेल तर धोका जास्त. जगभरच्या दुकानांसाठी बरोबर असेल. आपल्याकडे तो उलटा बसतो.

ऑर्डरी वाचत गेलो तेव्हा चित्र स्पष्ट झालं. न्यू जर्सीतला मुलगा बार्शीत राहणाऱ्या आईला जेकार्डची चादर पाठवतो. सिंगापूरची मुलगी भाच्याच्या लग्नात आहेर म्हणून लातूरला चादरींचा गठ्ठा पाठवते. कार्ड परदेशी, पत्ता महाराष्ट्रातला, ग्राहक शंभर टक्के खरा. चोराला माल स्वतःच्या हातात यायला हवा असतो, विकून लगेच रोकड करता यायला हवी असते. तो बार्शीच्या गल्लीत चादर कशाला पाठवेल? तयार नियम जसाच्या तसा ठेवला असता तर आपण आपलीच माणसं दारातून परत पाठवली असती आणि खरा धोका, म्हणजे परदेशी कार्डावर परदेशातच जाणारा टॉवेलचा मोठा माल, नियमातून सुटला असता.

आमच्यासाठी नियम असा लिहिला : माल भारतात जात असेल, पाठवणारा आणि घेणारा यांच्या नावात नात्याचा काही धागा दिसत असेल, आणि घेणाऱ्याचा फोन लागत असेल, तर ऑर्डर पुढे जाऊ द्यायची. फोन वहिनी करतात. "तुमच्यासाठी चादर येतीये, घरी असाल ना?" एवढं विचारलं की पलीकडून आपोआप सगळं कळतं. अशी पडताळणी कुठलंही सॉफ्टवेअर करू शकत नाही.

२५ नोव्हेंबर

सर्व्हरवरची तपासणी पूर्ण केली. पैसे भरल्यावर ग्राहकाचा ब्राउझर "झालं" असा निरोप आणतो, त्यावर ऑर्डर पक्की करायची नाही. ब्राउझर ग्राहकाच्या हातात असतो, निरोप बनावट असू शकतो, रक्कमही बदललेली असू शकते. गेटवेने सही केलेला निरोप आपल्या गुप्त चावीने तपासायचा, मग थेट गेटवेला विचारून रक्कम, चलन आणि ऑर्डर क्रमांक ताडून बघायचे. काम कंटाळवाणं, पण याशिवाय बाकीच्या भिंतींना अर्थ नाही.

३० नोव्हेंबर

काल अमेरिकेत ब्लॅक फ्रायडे. मध्यरात्रीनंतर आपल्या लॉगमध्ये, म्हणजे साइटवरच्या प्रत्येक प्रयत्नाच्या नोंदीत, रांग लागली. साइटवरचा सगळ्यात स्वस्त माल म्हणजे एक नॅपकिन. त्या एकट्या नॅपकिनच्या मागे रात्रभर कार्डं लावली गेली.

लॉग उघडून बसलो तेव्हा दिसलं ते असं. कार्ड नंबरचे पहिले आकडे सगळीकडे तेच, म्हणजे एकाच बँकेची कार्डं. शेवटचे आकडे बदलत जाणारे. एकाच नंबरावर मुदतीचा महिना एकेक करून पुढे सरकवलेला. ईमेलमध्ये अक्षरांची नुसती खिचडी. दोन प्रयत्नांमधलं अंतर इतकं सारखं की माणसाच्या बोटांना ते जमणारच नाही. नॅपकिन पाहिलेलाच नाही, उत्पादनाचं पान न उघडता थेट पैशांच्या पानावर उडी. बहुतेक सगळे नकार, मधेच एखादी मंजुरी.

याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. चोराला नॅपकिन नको असतो. हातात असलेल्या नंबरांपैकी कुठले जिवंत आहेत ते त्याला आपल्या दुकानात तपासून घ्यायचं असतं. जिवंत नंबर मग दुसरीकडे मोठ्या खरेदीला वापरला जातो किंवा विकला जातो. लहान दुकान यासाठी बरं पडतं, कारण तिथे रात्री कोणी बघत नसतं.

सकाळ होण्याआधी केलेलं काम : नॅपकिन परदेशी विक्रीतून काढला. परदेशी ऑर्डरीला किमान रक्कम लावली. पैशांच्या पानावर कॅप्चा (माणूस की यंत्र हे ओळखणारी चाचणी) बसवला. एका आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून), एका ईमेलवरून आणि एका सत्रातून ठरावीक नकारांनंतर दार बंद. नकाराचं कारण ग्राहकाला सविस्तर दाखवणंही थांबवलं. "मुदत चुकीची आहे" असं सांगितलं की चोराला नंबर बरोबर असल्याचं कळतं, आता फक्त "पेमेंट झालं नाही" एवढंच दिसतं.

२ डिसेंबर

त्या रात्री ज्या थोड्या मंजुऱ्या मिळाल्या होत्या त्या सगळ्या सोडून दिल्या. १४ तारखेचा बदल इथे कामाला आला, वसुली झालेलीच नव्हती. वसुली झालेली असती तर मी त्याच सकाळी सगळे परतावे करायला सांगितले असते. रक्कम क्षुल्लक म्हणून तशीच ठेवण्याचा मोह होतो. पण प्रत्येक क्षुल्लक रकमेमागे एक खरा माणूस आहे, तो तक्रार करणार, आणि नॅपकिनच्या किमतीपेक्षा चार्जबॅकची फी कितीतरी जास्त असते. शिवाय तक्रारींचं प्रमाण वाढलं की कार्ड कंपन्या दुकानाला देखरेखीखाली टाकतात. तिथून बाहेर पडणं फार अवघड.

अण्णांनी विचारलं, "ज्यांची कार्डं ती, त्यांना कळवता येईल का?" आपल्याकडे पूर्ण नंबर नसतो आणि नसायलाच हवा. गेटवेला वेळ, आयपी आणि कार्डाचे पहिले आकडे यांची यादी पाठवली. ते बँकेपर्यंत पोचवू शकतात. तेवढं तरी आपण केलंच पाहिजे.

१० डिसेंबर

आज वहिनींनी एक ईमेल वाचायला दिला. हॉटेलसाठी बाथ टॉवेल हवेत, मोठा आकडा, पांढरा रंग, लगेच. किमतीवर घासाघीस नाही. जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) किती ते विचारलेलं नाही, नमुना मागितलेला नाही. पैसे क्रेडिट कार्डाने, "लागलं तर दोन-तीन कार्डांवर विभागून घ्या". आणि मग खरी गोम : आमचा माल आमचाच शिपिंग एजंट उचलेल, तो कार्ड घेत नाही, तरी त्याचं भाडं आमच्या कार्डावर जादा लावा आणि तुम्ही ते त्याला मनी ट्रान्सफरने पाठवून द्या.

हा डाव जुना आहे आणि लहान निर्यातदारांवरच टाकला जातो. कार्डं चोरीची. एजंट म्हणजे चोर स्वतःच. भाड्याचे पैसे आपल्या खऱ्या खात्यातून रोख निघून जातात आणि पुढे कार्डांवरची सगळी रक्कम चार्जबॅकने परत जाते. टॉवेल त्याने उचलले नाहीत तरी त्याचं काम झालेलं असतं.

मी हे समजावून सांगायच्या आतच अण्णांनी ईमेल बाजूला सारला. "चाळीस वर्षं टॉवेल विकतोय. जीएसएम न विचारता टॉवेल घेणारं हॉटेल मी तरी बघितलं नाही." त्यांच्या सांगण्यावरून वहिनींनी साधं उत्तर लिहिलं : एवढ्या मालाला कार्ड घेत नाही, ॲडव्हान्स टीटी किंवा एलसी (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची लेखी हमी), भाडं तुमच्या एजंटला तुम्हीच द्यावं. पलीकडून उत्तर आलं नाही.

रिस्क स्कोअर (ऑर्डरीच्या धोक्याचा आकडा), आयपीचा देश, फुकटचा ईमेल आयडी हे सगळं मी बघतोच. पण आज जे पकडलं ते धंद्याच्या जाणकारीने. म्हणून मोठ्या ऑर्डरींच्या तपासणीत मी अण्णांचेच प्रश्न घातले : गिऱ्हाइकाने जीएसएम, आकार, बॉर्डर, धुलाईनंतर आटणं यांपैकी काही विचारलं का? खरा खरेदीदार काहीतरी विचारतोच.

१३ जानेवारी २०२५

गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत अर्धं शहर रस्त्यावर, कारखान्यात कोणी नाही. मंजुरीत अडकलेल्या परदेशी ऑर्डरी यात्रेआधीच निकाली काढल्या होत्या, त्यामुळे मुदत टळण्याची भीती नव्हती.

२२ जानेवारी

नवीन चार्जबॅक, कोड पुन्हा १०.४. या वेळी ग्राहक ओळखीची. टेक्सासमधल्या मराठी बाई, आधीही चादरी नेलेल्या. वहिनींनी फोन केला तर त्या चकितच झाल्या. तक्रार त्यांच्या यजमानांनी केली होती. स्टेटमेंटवर दुकानाचं नाव नव्हतं, कारखान्याच्या जुन्या भागीदारी फर्मचं नाव होतं, तेही अर्धवट तुटलेलं. त्यांना ते कसं कळावं?

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. चार्जबॅक लागल्यावर घाईने परतावा द्यायचा नाही, नाहीतर पैसे दोनदा जातात. आणि ग्राहकाने "मी तक्रार मागे घेते" म्हटलं तरी निर्धास्त व्हायचं नाही, मुदतीत आपलं उत्तर गेलंच पाहिजे. बाईंचा ईमेल, पोचपावती आणि आधीच्या ऑर्डरी जोडल्या. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून लागू केलेल्या पुराव्याच्या नियमात अशा जुन्या ऑर्डरींना वजन आहे : त्याच कार्डावरचे आधीचे किमान दोन वादमुक्त व्यवहार, १२० दिवसांहून जुने, आणि त्यांच्यातली माहिती आताच्या व्यवहाराशी जुळणारी. त्यात आयपी किंवा डिव्हाइसची ओळख हवीच. बाईंच्या बाबतीत सगळं जुळलं. आयपीची नोंद ठेवायची सोय नसती तर हा पुरावा उभाच राहिला नसता.

स्टेटमेंटवरचं नाव बदलण्यासाठी गेटवेकडे अर्ज केला. ऑर्डरीच्या ईमेलमध्ये "तुमच्या स्टेटमेंटवर हे नाव दिसेल" अशी ओळ आजच घातली.

१० फेब्रुवारी

आतापर्यंत बाहेरून आलेली चोरी अडवली. आपल्याच साइटवरून ग्राहकांची कार्डं चोरीला जाऊ नयेत, हे आज पाहिलं. ऑफर दाखवणारी, भेटी मोजणारी, गप्पा मारायची खिडकी उघडणारी अशी बाहेरची कितीतरी स्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे छोटे प्रोग्राम, पैशांच्या पानावर चढलेली होती. ब्रिटनमध्ये २०१८ साली तिकीटमास्टरच्या पेमेंट पानावर बाहेरच्या कंपनीचा चॅटबॉट होता. त्या कोडमध्ये घुसून चोरांनी ग्राहकांची कार्डं टिपली आणि २०२० साली तिथल्या नियामकाने तिकीटमास्टरला साडेबारा लाख पौंडांचा दंड केला. चॅटबॉट दुसऱ्याचा होता ही सबब चालली नाही.

आपल्या पैशांच्या पानावरून सगळी बाहेरची स्क्रिप्ट उतरवली. कार्ड नंबर भरण्यासाठी ग्राहक आता गेटवेच्याच पानावर जातो, आपल्या सर्व्हरला नंबर दिसतही नाही. पीसीआय डीएसएसच्या (कार्डांची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमांच्या) नव्या आवृत्तीतल्या उरलेल्या अटी ३१ मार्चपासून लागू होत आहेत. त्यांचं स्वतः भरायचं प्रश्नपत्रक या रचनेमुळे बरंच हलकं होतं.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरबाहेरची. काही जुनी गिऱ्हाइकं ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटोच पाठवतात, मागची बाजूसुद्धा. तो फोटो ताबडतोब काढून टाकायचा, फोनच्या गॅलरीतूनही, आणि पेमेंट लिंक पाठवायची. वहिनींनी ऑफिसचा फोन माझ्यासमोर चाळला आणि सगळं साफ केलं.

२४ फेब्रुवारी

पॅकिंगच्या टेबलावर कागद लावला. परदेशी पार्सलावर वहिनींची हिरवी खूण नसेल तर कुरिअरच्या हातात द्यायचं नाही. कुरिअरवाल्याने घाई केली तरी नाही. पार्सल निघाल्यावर पत्ता बदलायचा फोन आला तर "ऑफिसला विचारा" एवढंच सांगायचं, कारण पत्ता जुळवून ऑर्डर मंजूर करून घ्यायची आणि वाटेत पार्सल दुसरीकडे वळवायचं, हीही एक रीत आहे. कुरिअर कंपनीकडे परदेशी पार्सलांचा पत्ता वाटेत बदलू नये अशी लेखी सूचना दिली.

पॅकिंगच्या मावशींनी कागद वाचून विचारलं, "मालकांनी स्वतः सांगितलं तरी नाही द्यायचं का?" अण्णा तिथेच उभे होते. "मी सांगितलं तरी नाही," ते म्हणाले.

३ मार्च

टेक्सासच्या चार्जबॅकचा निकाल आपल्या बाजूने लागला, रक्कम खात्यात परत आली. स्टेटमेंटवरच्या नावाचा बदल गेटवेकडे अजून प्रलंबित आहे, उद्या पुन्हा फोन. ऑस्ट्रेलियाच्या कार्डांवर थ्री-डी सिक्युअरला नकार जास्त दिसतात. बँकांचे निकालाचे कोड या आठवड्यात वेगळे काढून बघतो.